पाळीव साप आणि स्नानसुख

प्राण्यांच्या सुखदुःखाविषयी बोलताना आपण बहुधा आपल्या ओळखीच्या प्राण्यांवरून अनुमान बांधतो. धन्याला पाहून कुत्रा शेपूट हालवतो, वासराला चाटताना गाय शांतपणे उभी राहते, चुलीशेजारची ऊब मिळाली की मांजर गुरगुरत पडते. या खुणा लहानपणापासून आपल्या परिचयाच्या झालेल्या असतात. परंतु ज्याला पापण्या नाहीत, ज्याच्या चेहऱ्यावर भाव उमटविणारे स्नायू नाहीत, ज्याच्या मुखातून फूत्काराखेरीज बहुधा कोणताही ध्वनी निघत नाही, त्या सापाला काय आवडते आणि काय आवडत नाही, हे कोणत्या खुणेवरून ओळखावे? प्रस्तुत लेखात आम्ही याच संबंधातला एक लहानसा प्रश्न विचारार्थ घेतला आहे. पाळलेल्या सापाला आंघोळ घातली, तर त्याला त्यापासून सुख होते काय?

प्रथमदर्शनी हा प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु युरोप-अमेरिकेत काचेच्या पेटीत साप पाळण्याची हौस पुष्कळ लोकांना आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा 'बॉल पायथन' नावाचा लहान अजगर आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील 'कॉर्न स्नेक' हे या हौशी लोकांचे विशेष आवडते साप. त्यांचे धनी त्यांना कोमट पाण्याच्या टबात सोडतात, साप पाण्यात हिंडू लागला म्हणजे 'पाहा, किती मजेत पोहतो आहे' असे कौतुकाने म्हणतात, आणि त्याची चलच्चित्रे जगभर पाठवितात. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आपल्या विद्यार्थ्यांपर्यंतही येऊन पोहोचतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथील रानचे साप पकडून घरी ठेवता येत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित अशा परदेशी जाती बाळगणाऱ्यांस २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. तेव्हा साप कसा पाळावा हे शिकविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. जो बोलू शकत नाही त्याला काय हवे आहे, याचा शोध प्रामाणिकपणे कसा घ्यावा, हे या उदाहरणावरून चांगले कळते, म्हणून त्याची निवड केली आहे.

१. माणसाचे अंग आणि सापाचे अंग

आपण आंघोळ का करतो, हे आधी पाहू. आपल्या त्वचेतून घाम येतो, तेलकट द्रव्य पाझरते, त्यावर धूळ बसते, आणि मग अंग चिकट होऊन त्याला वास येऊ लागतो. पाण्याने ही सर्व घाण निघून जाते व आपल्याला हुशारी वाटते. म्हणजे आपले स्नानसुख हे आपल्या त्वचेच्या घडणीतून निर्माण झालेले आहे.

सापाच्या त्वचेची घडण अगदी निराळी. तिच्यात घर्मग्रंथी नाहीत. तिच्यावरचे खवले केराटिन नावाच्या द्रव्याचे, म्हणजे आपली नखे ज्या जातीच्या द्रव्याची बनलेली असतात त्याच जातीच्या द्रव्याचे असतात. त्वचेच्या थरांत स्निग्ध पदार्थांचे असे अस्तर असते की, त्यामुळे शरीरातील पाणी सहजासहजी बाहेर जात नाही. साप 'ओला व बुळबुळीत' असतो ही समजूत ज्याने सापाला कधी स्पर्श केला नाही त्याची आहे. निरोगी सापाचे अंग कोरडे व गुळगुळीत असते. घाम नाही, तेलकटपणा नाही, त्यामुळे आपल्यासारखा मळही त्याच्या अंगावर साचत नाही. शिवाय काही काळाने तो बाह्य त्वचेचा संपूर्ण थरच काढून टाकतो. तेव्हा केवळ स्वच्छतेसाठी म्हणून सापाला साबण लावून न्हाऊ घालण्याची गरज नाही. उलट साबणाने त्याच्या त्वचेला आणि डोळ्यांना अपाय होण्याचा संभव असतो.

दुसरा भेद उष्णतेचा. आपल्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते, आणि बाहेर थंडी असो वा ऊन, आपले शरीर ते बहुतांशी कायम राखते. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचे गार पाणी अंगावर घेतले तरी आपल्याला तात्पुरता गारवा मिळतो, इतकेच. सापाची गोष्ट तशी नाही. त्याच्या शरीराचे उष्णतामान भोवतालच्या जागेवर अवलंबून असते. अन्न पचविणे, हालचाल करणे, रोगाशी झुंजणे, ही सारी कामे योग्य ऊब मिळाली तरच त्याला नीट करता येतात. म्हणून तो दिवसभरात उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात असा सरकत राहून आपले उष्णतामान सांभाळतो. अशा प्राण्याला गार पाण्यात ठेवले तर तो सुस्त होतो. आणि कोकण-गोव्याकडे न्हाणीघरात आपण जसे कढत पाणी घेतो तशा पाण्यात ठेवले, तर घाम येण्याची सोय नसल्यामुळे त्याच्या जिवावरच बेतते. आपल्या सुखाचे माप त्याला लावणे किती धोक्याचे आहे, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

२. साप पाण्यात का जातो?

यावर कोणी असे विचारील की, मग साप आपण होऊन पाण्यात जातात ते का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या भातशेतात, तळ्यात आणि विहिरीत दिवड राहतो, आणि मासे व बेडूक खाऊन आपली उपजीविका करतो. आपला भारतीय अजगर पाणवठ्याजवळ राहणे पसंत करतो, आणि पाण्यात शरीर बुडवून तासन् तास पडून राहू शकतो. गोव्याच्या खाजणांत आणि खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या सापांच्या जाती आहेत. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात समुद्रसाप सापडतात. याच्या उलट, कोकणच्या खडकाळ सड्यावर दगडाखाली राहणारे फुरसे आणि भुसभुशीत कोरड्या मातीत दडून राहणारे मांडूळ यांचे जीवन निराळ्या प्रकारचे आहे. 'सापाला पाणी आवडते काय' या प्रश्नाला एकच उत्तर देता येणार नाही, कारण 'साप' हे एका प्राण्याचे नाव नसून चार हजारांच्या आसपास जातींच्या समूहाचे नाव आहे. 'पक्ष्याला पोहणे आवडते काय' असे कोणी विचारले, तर बदक आणि घार यांना एकच उत्तर कसे लागू पडणार?

आता पाण्यात राहिल्यावाचून ज्यांचे सहज भागते असे कॉर्न स्नेक व बॉल पायथन यांच्याकडे वळू. पाळलेला असा साप आपल्या पेटीतील पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसला, तर त्याची निदान पाच कारणे संभवतात.

पहिले कारण तहान. साप आपल्याप्रमाणे घटाघटा पाणी पीत नाही. तो तोंडाचे टोक पाण्यात बुडवून जबड्यांच्या मंद हालचालीने पाणी आत घेतो, आणि जबड्यातील मऊ त्वचेच्या घड्या टिपकागदासारख्या पाणी शोषण्यास मदत करतात. पाण्यासाठी सापांना किती यातायात करावी लागते, याची उदाहरणे मनोरंजक आहेत. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशातील खुळखुळ्या साप पाऊस पडू लागला की उघड्यावर येऊन अंगाचे सपाट वेटोळे करतो, आणि पाठीच्या खवल्यांवर अडकलेले थेंब पितो. जन्मभर समुद्रात राहणारा पिवळ्या पोटाचा समुद्रसाप खारे पाणी पिऊन तहान भागवू शकत नाही. पाऊस पडल्यावर समुद्राच्या पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगतो, तेव्हा त्याला पिण्याचे पाणी मिळते. आपल्या शेजारचे उदाहरण घ्यावयाचे तर २०१७ च्या उन्हाळ्यात, टंचाईच्या दिवसांत, उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा येथे पाण्याच्या शोधात वस्तीपर्यंत आलेल्या एका नागराजाला सर्परक्षकांनी बाटलीने पाणी पाजले होते. ते चलच्चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते पाहून 'नागराजाला माणसाच्या हातून पाणी पिण्याची आवड आहे' असे कोणी म्हटले नाही. तो तहानलेला होता, एवढेच सर्वांनी ओळखले.

दुसरे कारण कात. मराठी भाषेत 'कात टाकणे' हा वाक्प्रचार नवे तेज धारण करणे या अर्थाने रूढ आहे, परंतु प्रत्यक्ष कात टाकण्यापूर्वीचे दिवस सापाला अडचणीचे असतात. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये एक द्रव उत्पन्न होतो. डोळ्यांवर पापणीऐवजी जी पारदर्शक कवची असते तीही कातीबरोबर निघावयाची असल्यामुळे डोळे निळसर-दुधी होतात, आणि त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही. तो चिडखोर बनतो, पुष्कळदा अन्नही घेत नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि मग तो खडबडीत जागी तोंड घासून, पायमोजा उलटा काढावा त्याप्रमाणे, सबंध कात काढून टाकतो. हवेत पुरेसा ओलावा नसेल तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाशी किंवा डोळ्यावर तिचा अंश अडकून राहतो, आणि योग्य उपाय न झाल्यास त्या भागाला इजा होते. अशा वेळी ओलाव्याकडे सापाचा ओढा असतो.

तिसरे कारण उष्मा. पेटीतील हवा फार तापली आणि सावलीचा कोपरा ठेवलेला नसला, तर पाण्याचे भांडे हेच सापाचे आश्रयस्थान होते. चौथे कारण गोचिडीसारखे बारीक परोपजीवी जंतू. ते खवल्यांच्या फटींत व डोळ्यांच्या कडांशी बसून रक्त शोषतात, आणि त्यांच्या त्रासाने साप पाण्यात बुडून बसतो. पाचवे कारण आडोसा. पेटीत लपावयास जागाच नसेल, तर भांड्याच्या कडेचा आधार घेऊन साप त्यात अंग चोरून बसतो.

विद्यार्थी मित्रांनो, या पाचही कारणांकडे नीट पाहा. बाहेरून दिसणारे दृश्य एकच आहे: साप पाण्यात बसला आहे. परंतु त्यामागे तहान, अडचण, उष्मा, पीडा अथवा भीती यांपैकी काहीही असू शकेल. जो साप दिवसचे दिवस पाण्याबाहेर येत नाही, तो बहुधा आपले गाऱ्हाणे मांडत असतो, आणि त्याचा धनी मात्र 'याला पाण्याची फार हौस' म्हणून समाधान मानतो. फार काळ ओल्या व अस्वच्छ जागी राहिल्याने सापाच्या त्वचेवर फोड येण्याचा विकारही होतो. गैरसमजाचे प्रायश्चित्त येथे समजणाऱ्याला मिळत नाही, मुक्या प्राण्याला मिळते.

३. टबातील साप

वर सांगितलेला साप आपण होऊन पाण्यात गेला होता. टबातला साप नेऊन ठेवलेला असतो, हा भेद फार महत्त्वाचा आहे. टबातला साप पोहू लागतो, म्हणून तो आनंदात आहे असे म्हणतात. परंतु बहुतेक सर्व सापांना पोहता येते, आणि नदीत पडलेला माणूसही हातपाय मारतोच. साप टबाच्या कडेकडेने फिरत असेल, डोके वर करून भिंतीला वारंवार टेकवीत असेल, तर तो बाहेर पडण्याची वाट शोधीत आहे, असे समजणे अधिक सयुक्तिक होय. बरे, काही साप टबात अगदी निश्चल पडून राहतात, आणि त्यावरून ते निवांत आहेत असेही अनुमान काढले जाते. पण धोका वाटला असता हालचाल थांबविणे हा पुष्कळ प्राण्यांचा स्वसंरक्षणाचा उपाय आहे. बॉल पायथनला ते नाव पडले तेच मुळी भ्याला असता तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो म्हणून. आता हलला तरी सुखी आणि न हलला तरी सुखी, असे ज्याने आधीच ठरविले आहे, त्याला सापाने आपली नाराजी कळवावी तरी कशी?

सापाचे पशुवैद्य काही प्रसंगी त्याला पाण्यात ठेवावयास सांगतात, ही गोष्ट खरी. कात अडकली असता, अंगातील पाणी कमी झाले असता, किंवा मलावरोध झाला असता हा उपाय करतात. त्याचेही नियम आहेत. पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास, हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत असावे. ते इतके उथळ असावे की सापाला डोके सहज वर ठेवता येईल. सुमारे १५ ते २० मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ माणसाने तेथून हलू नये, कारण दमलेला साप बुडूनही मरतो. अडकलेली कात ओढून काढू नये. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात, आणि साप पाण्यात मलविसर्जन करतो, म्हणून स्वयंपाकाची भांडी ज्या जागी धुतात तेथे हा प्रकार कदापि करू नये.

परंतु ही झाली चिकित्सा. आपल्या लहानपणी आजीने पाजलेल्या एरंडेलाने आपल्याला गुण येत असे, म्हणून ते आपल्याला आवडत होते असे कोणी म्हणेल काय? हितकर असणे, सोसवणे आणि आवडणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्नान सापाला केव्हा केव्हा हितकर असते. पुष्कळ साप ते सोसून घेतात. आवडते किंवा काय, याचा पुरावा मात्र वेगळा मिळवावा लागतो.

४. सुखाचा पुरावा

हा पुरावा मिळवावा कसा, याबद्दल विद्वानांत जुना वाद आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचे मत असे होते की, मनुष्येतर प्राणी हे केवळ यंत्रासारखे असून त्यांना विचारशील मन नाही. एकोणिसाव्या शतकात वारे उलट दिशेने वाहू लागले. डार्विनचे तरुण स्नेही जॉर्ज रोमेन्स यांनी १८८२ साली प्राण्यांच्या बुद्धीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात लोकांनी सांगितलेल्या पुष्कळ हकीकती घेतल्या. लंडनमधील एका कुटुंबाने पाळलेले साप आपल्या धन्याला ओळखतात व त्याच्यावर माया करतात, अशीही एक हकीकत त्यात आहे. पुढे १८९४ मध्ये लॉइड मॉर्गन या शास्त्रज्ञाने या प्रकारच्या लेखनाला लगाम घातला. प्राण्याच्या एखाद्या कृतीचा उलगडा साध्या मनोव्यापाराने होत असेल, तर तिच्यासाठी उच्च मनोव्यापाराची कल्पना करू नये, असा नियम त्याने सांगितला. त्याच्या कुत्र्याला फाटकाची कडी डोक्याने वर उचलून बाहेर पडता येत असे. पाहणाऱ्याला वाटावे की कुत्र्याला कडीचे मर्म कळले आहे. मॉर्गनने मात्र प्रारंभापासून निरीक्षण केले होते. अनेक निष्फळ धडपडींनंतर योगायोगाने कडी उघडली गेली, आणि तीच युक्ती हळूहळू सवयीची झाली, हे त्याला ठाऊक होते.

मॉर्गनचा नियम टबातल्या सापाला लावून पाहा. 'साप आनंदाने पोहत आहे' यापेक्षा 'साप बाहेर पडण्याची वाट शोधीत आहे' हा उलगडा साधा आहे. तेव्हा दुसरा पुरावा मिळेपर्यंत तोच स्वीकारला पाहिजे.

मात्र या नियमाचा अर्थ सापाला सुखदुःखच नाही असा करणे हीही चूक होईल. कॅनडातील लावाल विद्यापीठातील शास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९९० च्या दशकात इग्वाना जातीच्या सरड्यांवर एक सुबक प्रयोग केला. उबदार जागी त्यांचे नेहमीचे खाद्य ठेवले, आणि थंड कोपऱ्यात त्यांच्या आवडीचा कोवळा पाला. पोट भरण्यासाठी थंडीत जाण्याचे काही कारण नव्हते. तरीही ते सरडे पाल्यासाठी थंडीत जात. थंडी वाढवीत नेली, तेव्हा मात्र जाणे कमी झाले. रुचीचे सुख आणि थंडीचा त्रास यांचा जणू ते हिशेब करीत होते. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात एक वृद्ध कासव स्वतःच्याच अंगाला ओरबाडून जखमा करून घेत असे. त्याला चेंडू, काठ्या आणि कडे दिल्यावर ते त्यांच्याशी बराच वेळ खेळू लागले, आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण कमी झाले. सापांबद्दल म्हणावयाचे तर इंग्लंडातील लिंकन विद्यापीठात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉर्न स्नेक जातीच्या सापांना दोन प्रकारच्या पेट्यांतून निवड करू दिली. एक नेहमीची, दुसरी विविध सोयींनी संपन्न. सापांनी संपन्न पेटी पसंत केली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठातील संशोधकांनी खुळखुळ्या सापांच्या हृदयाचे ठोके मोजले. घाबरविलेला साप एकटा असताना, सापाएवढा दोर जवळ असताना, आणि दुसरा साप सोबतीला असताना, अशा तीन स्थिती त्यांनी पाहिल्या. सोबती असताना ठोक्यांची वाढ सर्वांत कमी होती. १९ एप्रिल २०२४ रोजी न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञ व तत्त्वज्ञांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. सरपटणाऱ्या प्राण्यांसह सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना जाणीवयुक्त अनुभव असण्याची शक्यता खरोखरीची आहे, आणि त्यांच्याविषयी निर्णय घेताना ती दुर्लक्षिणे योग्य नाही, असे त्यात म्हटले आहे.

या सर्व प्रयोगांत एक सूत्र आहे. कोणत्याही शास्त्रज्ञाने प्राण्याच्या चेहऱ्याकडे पाहून निकाल दिलेला नाही. कोणी प्राण्यापुढे दोन वाटा ठेवल्या आणि तो कोणत्या वाटेने जातो हे मोजले, तर कोणी त्याच्या शरीरातील बदल मोजले. सापाच्या स्नानाचा प्रश्नही याच रीतीने सोडविता येतो. त्याला उचलून पाण्यात टाकू नये. त्याच्या पेटीत अंग मावेल एवढे स्वच्छ पाण्याचे उथळ भांडे, ऊब असलेला एक कोपरा, गार असा दुसरा कोपरा, लपावयास कोरडी जागा आणि ओल्या शेवाळाची दमट जागा, असे सर्व एकाच वेळी ठेवावे, आणि दूर बसून टिपून घ्यावे. ज्याला इतर सर्व सोयी उपलब्ध आहेत, ज्याला जंतूंचा उपद्रव नाही, तो साप आपण होऊन पाण्यात गेला आणि आपल्या इच्छेने बाहेर आला, तर त्या सापाला त्या वेळी पाणी हवे होते, एवढे आपण निःशंकपणे म्हणू शकतो. याहून अधिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला अद्याप मिळालेला नाही.

५. दुधाची वाटी

हे सर्व परदेशी हौशी लोकांविषयी झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु सापाच्या आवडीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आपल्याच अंगणात वाढलेला आहे. नाग दूध पितो ही समजूत आपल्या भाषेतसुद्धा मुरलेली आहे. 'सापाला दूध पाजणे' असे आपण कृतघ्नाविषयी बोलताना म्हणतो. वास्तविक साप हा मांसाहारी प्राणी आहे, आणि दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. सापाला ते पचत नाही. मग नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पिताना लोकांनी पाहिला, तो कसा? त्याला सणाच्या आधी पुष्कळ दिवस पाण्यावाचून ठेवीत. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते द्रव पितो. भाविक लोक हात जोडून म्हणत, 'नागोबा प्रसन्न झाला'. पुढे त्यांतले पुष्कळ नाग आजारी पडून मरत. पाहणाऱ्यांच्या मनात क्रौर्य नव्हते, भक्ती होती. परंतु त्यांनी नागाची तहान पाहिली आणि तिला आवड असे नाव दिले. टबातील साप पाहून हसणारा धनी आणि टोपलीतील नाग पाहून हात जोडणारा भाविक, या दोघांचीही चूक एकाच जातीची आहे.

या बाबतीत आपल्या गोव्यातील घरगुती रीत अनुकरणीय आहे. येथे नागपंचमीला घरी मातीचा नाग आणून पुजतात, आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा नैवेद्य दाखवितात. नैवेद्य माणसेच खातात, आणि रानातला नाग रानात उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतो. पूजाही होते आणि प्राण्यालाही उपद्रव होत नाही.

तात्पर्य, पाळीव सापाला स्नान आवडते काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे आहे: स्वच्छतेसाठी त्याला स्नानाची गरज नाही. क्वचित् ते औषध म्हणून उपयोगी पडते. बळेच घातलेले स्नान तो बहुधा केवळ सोसतो. पाणी जवळ ठेवून निवड त्याच्यावर सोपविली, तर त्याची आवड तो आपल्या वागण्याने दाखवील, आणि ती सर्व सापांची सारखी असणार नाही.

या रीतीचा अभ्यास करण्यासाठी सापाजवळ जाण्याची मुळीच आवश्यकता नाही. घरात वा शाळेच्या आवारात साप दिसला तर दूर राहावे, आणि वडील माणसांकरवी जाणत्या सर्परक्षकास किंवा वनखात्यास कळवावे. अभ्यासाला चिमण्या आणि बुलबुल पुरेत. येत्या उन्हाळ्यात अंगणात दोन पसरट मातीची भांडी ठेवा, एकात दोन बोटे पाणी, दुसऱ्यात कोरडी बारीक माती. कोणता पक्षी कोणत्या भांड्यात, किती वाजता आणि किती वेळ आंघोळ करतो, हे १५ दिवस वहीत टिपून ठेवा. चिमण्या पाण्यात न्हातात तशा धुळीतही न्हातात, हे पुष्कळांना प्रथमच दिसून येईल. 'पक्ष्यांना मजा वाटली' असे वाक्य मात्र वहीत लिहू नका. जे दिसले तेच लिहा, आणि पंधरवड्याच्या अखेरीस वहीतल्या आकड्यांवरून काय म्हणता येते याचा विचार करा. पुढील वार्षिकासाठी अशा वह्यांवरून विद्यार्थ्यांनी लेख लिहिले, तर ते छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.